अर्धा सेंटिमीटर

३ मार्च, मंगळवार

नवरा माझ्या वाचनालयावर बसला.

पुठ्ठ्याच्या. सहा दिवस खपून केलेल्या. सोफ्यावर गोंद वाळायला ठेवलेल्या. उठून म्हणतो, "अगं, बसलं गेलं." बसलं गेलं! तेवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आहे. कर्त्याला लपायचं असलं की तो भावे प्रयोगाच्या पदराआड शिरतो, हे मला कुणी सांगायला नको.

वर विचारतो, "वाचनालय होतं होय? मला वाटलं कुरिअरचा खोका आलाय."

हे बसण्यापेक्षा जास्त लागलं.

छप्पर गेलं, दोन भिंती गेल्या. आतली पुठ्ठ्याची आठ माणसं मात्र ठणठणीत. आता भिंती पुन्हा कापायच्या. परवा दाखवायचं आहे.

५ मार्च, गुरुवार

बसमध्ये मी आणि वाचनालय. द्विवचन.

कंडक्टर म्हणाला, "काकू, खोका मांडीवर घ्या."

"खोका नाही, वाचनालय आहे. मांडीवर मावत नाही."

"मग वाचनालयाचं तिकीट काढा."

काढलं. अर्धं द्या म्हटलं, छप्पर अजून ओलं आहे — तर नाही म्हणाला.

कॉलेजात तर अजूनच बहार! आमच्या डिझाइनच्या सरांनी मॉडेल पाहिलं. हे सर म्हणजे शाळेतला माझा विद्यार्थी. तेव्हा मी त्याचं नाव 'विसर्ग' ठेवलं होतं, कारण त्याच्या वहीत तीन वर्षांत एकाही विसर्गाला थारा मिळाला नाही. आता मी त्यांना 'सर' म्हणते, ते मला 'बाई' म्हणतात, आणि वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं दोघांकडे बघून गालात हसतात.

विसर्गाने खिशातून पट्टी काढली आणि माझ्या एका पुठ्ठ्याच्या माणसाला लावली.

"बाई, हा तीन सेंटिमीटरचा आहे."

"हो."

"साडेतीन हवा. पन्नासातला एक भाग असं आपलं प्रमाण. पावणेदोन मीटरचा माणूस साडेतीन यायला पाहिजे."

"तो माणूस नाही, सर. मी आहे."

वर्ग खदखदला. पण मी विनोद करत नव्हते! माणसं कापताना उंची किती घ्यायची असा प्रश्नच मनात आला नाही. स्वतःची घेतली. एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर भागिले पन्नास. आणि मग त्या माणसांच्या अंदाजाने कपाटं, टेबलं, खिडक्या, सगळं.

"प्रमाण चुकलंय, बाई. सगळंच बुटकं झालंय. परत करावं लागेल."

अर्धा सेंटिमीटर. तेवढ्यासाठी सगळं परत.

६ मार्च, शुक्रवार

झोपेतून उठल्या उठल्या हिशेब मांडला, तो इथे लिहून ठेवते म्हणजे डोक्यात फिरायचा थांबेल.

डिझाइनमध्ये मागच्या सत्रात नापास झाले. आता एप्रिलमध्ये परत नापास झाले तर वर्ष गेलं. शाळेतली रजा तीस एप्रिलला संपते, ती वाढत नाही. आमच्या मुख्याध्यापिकांना — सगळ्यांच्या मोठ्या बाई — त्याआधी लेखी हवं आहे: परत येणार की राजीनामा देणार. दोन्ही दगडांवरचे पाय मी दोन वर्षं हौसेने सांभाळले. आता एक उचलायचा.

लोक विचारतात, या वयात वास्तुरचना कशाला? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते. खरं उत्तर फळा.

शाळेची नवी इमारत झाली तेव्हा फळे इतके उंच लावले की माझा हात अर्ध्यापर्यंतच पोचायचा. तेवीसपैकी सतरा वर्षं मी खालच्या अर्ध्या फळ्यावर व्याकरण शिकवलं. एकदा इमारतीचे वास्तुरचनाकार पाहणीला आले होते. मी म्हटलं, फळा वीतभर खाली घ्या ना. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्टँडर्ड उंची आहे, बाई." पुढे जाऊन शिपायाला म्हणाले, "यांना एक स्टूल द्या."

स्टूल आलं. मी त्यावर एकदाही चढले नाही. प्रवेशपरीक्षेचा अर्ज मात्र भरला. दहा वर्षांनी का होईना!

९ मार्च, सोमवार

डावा अंगठा तर्जनीला चिकटला. ज्ञानमुद्रा. ज्ञान शून्य.

११ मार्च, बुधवार

शहाण्यासारखं वागायचं ठरवलं आणि सगळं साडेतीनच्या मापाने परत काढायला बसले. संगणकात तयार माणूस मिळतो. वर्गातल्या चाळीसच्या चाळीस जणांच्या नकाशांत तोच! हातात बॅग, डावीकडून उजवीकडे चाललेला. दवाखान्यात तोच, बाजारात तोच, बालवाडीतही तोच.

माझ्या शेजारी बसणारी पोरगी — बोटांना कायम गोंद लागलेला असतो म्हणून मी तिला 'गोंद'च म्हणते — तिला विचारलं, "अगं, याला घरदार नाही का?"

"काकू, तो फुकट मिळतो."

वाढवलं सगळं. कपाटं वाढवली, टेबल वाढवलं, पुस्तकं देण्याघेण्याचा काउंटर छातीपर्यंत नेला. मग सहज म्हणून माझ्या तीन सेंटिमीटरवाल्या पुठ्ठ्याच्या बाईसारखीच एक बाई काढून आत उभी केली.

तिचा हात वरच्या दोन फळ्यांना पोचेना. काउंटरवरून नुसतं डोकं दिसत होतं. मीच बांधलेल्या वाचनालयात मला कुणीतरी स्टूल द्यायला हवं होतं!

सगळं पुसलं. नाही करणार. करायचं तर कारणासकट करीन, न करायचं तरी कारणासकट.

१४ मार्च, शनिवार

टेप घेऊन बाजारपेठेमागच्या सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणजे तोंडाने तिखट आणि चहाला उदार. मी काय मोजणार ते ऐकून म्हणाल्या, "मोजा की! मलाही मोजा. लग्नानंतर कुणी विचारलंच नाही."

वरची फळी जमिनीपासून दोन मीटर पाच सेंटिमीटर. मी विचारलं, "यातली पुस्तकं लोक नेतात?"

"छे! फार शांत पुस्तकं आहेत ती. कुणाला त्रास नाही."

"हात पोचत नाही म्हणून?"

त्यांनी मान वर करून फळीकडे पाहिलं. "मला वाटायचं, आवडत नाहीत म्हणून."

मग जो येईल त्याला विनंती: त्या फळीवरचं पुस्तक काढून दाखवा. एक आजी म्हणाल्या, "मी नेहमी खालच्या दोन फळ्यांवरचंच वाचते. वरच्यांचा नाद सोडलाय." शाळेच्या गणवेशातल्या मुलीने उडी मारली, पुस्तकाऐवजी धूळ घेऊन खाली आली. एका गृहस्थांनी पोट आत घेऊन, मान ताणून, शेवटी करंगळीने एक पुस्तक पाडलं — स्वतःच्याच डोक्यावर — आणि म्हणाले, "लिहा, पोचला."

लिहिलं. कंसात: पुस्तकच पोचलं.

१६ मार्च, सोमवार

तीन दिवस झाले. एकसष्ट माणसं. त्यांपैकी चव्वेचाळीस जणांचा हात पोचला नाही. बॅगवाल्या माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून उंच — सात.

सात!

१८ मार्च, बुधवार

तक्ता घेऊन विसर्गाकडे गेले. भांडायचीच तयारी होती, पदर खोचून. म्हटलं, "सर, आमच्या शास्त्रात प्रमाण म्हणजे नुसतं माप नाही. एखादी गोष्ट खरी आहे हे ज्याने कळतं, ते प्रमाण. चार प्रकारचं. त्यातलं पहिलं प्रत्यक्ष — आपण डोळ्यांनी बघतो ते. शब्द, म्हणजे जाणत्याने सांगितलेलं, ते सगळ्यात शेवटी. तुमचं मापांचं पुस्तक हे शब्दप्रमाण झालं. माझ्याकडे एकसष्ट प्रत्यक्ष आहेत."

त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "बाई, मी मागच्या बाकावर बसायचो."

"माहीत आहे. बडबडायला."

"तुम्ही फळ्याच्या खालच्या भागात लिहायच्या. पुढच्यांच्या डोक्यांमधून मला अक्षरं जेमतेम दिसायची. ते दोन ठिपके कधी दिसलेच नाहीत."

तीन वर्षं त्या पोराला मी वर्गात उभं करत होते! आळशी म्हणत होते! दर चाचणीत त्याचे अर्धे अर्धे गुण कापले मी.

"बोलला का नाहीस?" — घाईत एकेरीवर आले.

"तुम्ही टोमणा मारला असता."

मारला असता. खरं आहे.

मग तो पुन्हा सर झाला. "पण बाई, ज्युरीला बाहेरचे परीक्षक येतात. सगळ्यांसमोर भिंतीवर नकाशे टांगून उत्तरं द्यायची. मागच्या वेळी तुम्हाला नापास केलं ना, तेच आहेत यंदाही. प्रमाणाच्या बाबतीत फार कडक. साडेतीनचं करा, निमूट पास व्हाल. हा तक्ता पुढच्या वर्षी काढा."

"पुढच्या वर्षी त्या आजी किती फळ्या सोडतील?"

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला तुम्ही पास व्हायला हव्या आहात."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तोही म्हणाला, "अर्ध्या सेंटिमीटरसाठी वर्ष घालवू नकोस गं." आज सगळी दुनियाच शहाणी झाली आहे.

२५ मार्च, बुधवार

तीन सेंटिमीटरच.

३ एप्रिल, शुक्रवार

आठ दिवस कापाकापी. जेवणाच्या टेबलावर वाचनालय, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. नवरा प्रत्येक खुर्चीवर हात फिरवून मगच बसतो.

नकाशे छापायला गेले. दुकानात रांग, रांगेत आमचा अख्खा वर्ग, सगळ्यांचे चेहरे सुतकी. दुकानदार म्हणाला, "काकू, फाईल उघडत नाही." मग म्हणाला, "उघडली, पण भिंती नाहीत." मग भिंती आल्या, खिडक्या गेल्या. शेवटी सगळं छापून बाहेर पडलो तेव्हा गोंद किंचाळली, "काकू, तुमची उत्तर दिशा!"

नकाशावर उत्तरेचा बाण काढायलाच विसरले होते. दुकानाच्या पायरीवर बसून तिने पेनाने बाण काढून दिला. मी विचारलं, "उत्तर नक्की तिकडेच आहे ना?" ती म्हणाली, "असावी."

७ एप्रिल, मंगळवार

ज्युरी झाली. लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

परीक्षक सहा फुटांच्या वर. वाकून मॉडेलमध्ये पाहिलं आणि पहिलं वाक्य: "वाचनालय आहे की बालवाडी?"

"वाचनालय, सर."

"सगळं बुटकं आहे. मागच्या वेळीही तुमची मापं चुकली होती."

"मागच्या वेळी चुकली होती. यंदा घेतली आहेत." तक्ता दाखवला. एकसष्ट जणांची रांग लावून काढली होती, प्रत्येकाचा वर केलेला हात, आणि फळी. "दार नेहमीच्या उंचीचं आहे, आत येताना तुम्हाला काही होणार नाही. पुढे पुस्तकं मात्र या लोकांचा हात पोचेल तिथे आहेत."

"आणि माझं काय? मला प्रत्येक पुस्तकासाठी वाकावं लागेल."

"मी अठ्ठेचाळीस वर्षं चवड्यांवर उभी आहे, सर. तुम्ही थोडं वाका."

मागे गोंदने पट्टी खाली पाडली — मुद्दाम की चुकून, तिलाच ठाऊक. विसर्ग खिडकीबाहेर फार लक्षपूर्वक बघत होता. मला थांबायला हवं होतं. नाही थांबले. "शिवाय तुमच्यासाठी एक उंच कपाट ठेवलं आहे. कोपऱ्यात."

ते हसले नाहीत. तक्त्याजवळ गेले. करंगळीने पुस्तक पाडणाऱ्या त्या गृहस्थांच्या नावापुढचा कंस वाचला असावा, कारण मिशी हलल्यासारखी वाटली. पण मिशीचं काय, अनुमानप्रमाण.

"मापांची पुस्तकं मग कशासाठी लिहिली आहेत?" त्यांनी विचारलं.

"त्यात ज्याला मोजलंय त्याची माझी ओळख नाही. या एकसष्ट जणांची आहे."

मग ते गुडघ्यांवर बसले, मॉडेलच्या पातळीला डोळे आणून. बराच वेळ. उठले आणि म्हणाले, "माळ्यावरच्या जिन्याला कठडा नाही."

बघते तर खरंच नाही! इतकं सगळं तोलून मापून, आणि माणसं सरळ खाली पडतील अशी सोय.

"विसरले, सर."

"हं," म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. विसर्गाने मान उंच करून पाहायचा प्रयत्न केला. त्यालाही दिसलं नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

मोठ्या बाईंचा फोन. "अगं, इतकी काळजी कसली करतेस? निकाल लागू दे. पास झालीस तर राजीनामा दे, नापास झालीस तर परत ये. तुझी खुर्ची आहे तशीच आहे."

खुर्ची आहे. फळाही असेल.

नवरा म्हणाला, "बरोबर बोलतायत त्या. निकालावर सोड." आईचा फोन आला, तीही तेच. विसर्गाला विचारलं तर म्हणाला, "बाई, कठडा तेवढा..." आणि वाक्य अर्धं सोडलं.

निकाल एकवीसला, सकाळी अकरा वाजता.

१५ एप्रिल, बुधवार

झोप नाही. कठडा केला. आता त्याला कुणी विचारत नाही, तरी केला. पुठ्ठ्याची बाई माळ्यावर उभी करून पाहिली. कठडा तिच्या कमरेला बरोबर येतो.

२० एप्रिल, सोमवार

सकाळी दहा वाजता शाळेत जाऊन राजीनामा दिला. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं वेडे, निकाल उद्या आहे! एक दिवस थांबली असतीस तर?"

म्हटलं, म्हणूनच आज आले.