फॉर्मवरचे ते गृहस्थ

बाबा,

तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे पत्र लिहायला बसते आहे. याला कारण माझा जावई. तुम्ही जिला दोन वर्षांची पाहिली होतीत, दुधाचा कप हातातून सोडायची नाही ती, तिचा नवरा. तो फिनलंडचा आहे. आम्ही आता डचांच्या देशात राहतो; ती इथल्याच डेल्फ्टला शिकायला गेली, तिथे तिला पदवी मिळाली आणि हा मिळाला. माणूस सज्जन, उंच, आणि इतका कमी बोलतो की सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय. लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, दॅट्स हिज हॅपी फेस." तुमची नात मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते, आणि चिडली की डचमध्ये.

गेल्या वर्षी ही साथ आली. माझं ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या अवाढव्य यंत्रांचे आराखडे मी कांद्याच्या टोपलीशेजारी बसून तपासते. माझे यजमान पुण्याला सासूबाईंना बघायला गेले होते ते तिथेच अडकले. अशात लेकीला दिवस राहिले. तिच्याकडे एका वेळी एकच पाहुणा चालणार, तोही दीड मीटरवरून. मग मी दर रविवारी मास्क लावून जवळजवळ रिकाम्या ट्रेनने डेल्फ्टला जायचे. दुपारी ती झोपली की मी आणि जावई कालव्याच्या कडेने चालायचो, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. बोलायचं काय? हवामान पहिल्या पुलापर्यंत संपायचं. एकदा मी सहज विचारलं, की तुमच्याकडे मुलांची नावं कशी ठेवतात? आणि बाबा, नळ सुटावा तसा माणूस सुटला.

म्हणाला, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांना वाटायला लागलं की नावं आपल्या भाषेतली असावीत. मग त्यांनी सरळ रोजचे शब्दच उचलले. तोइवो म्हणजे आशा. ओन्नी म्हणजे भाग्य. उर्हो शूर, सुलो गोड, अर्मास लाडका. प्युरी म्हणजे हिमवादळ, आणि तेर्हो म्हणजे ओकच्या झाडाचं बी. विसा नावाचेही पुरुष असतात. ते एका जातीच्या बर्च झाडाचं वळणावळणाचं लाकूड. मी म्हटलं, आमच्याकडे व्हिसा मिळाला की पेढे वाटतात, तुम्ही मुलालाच ते नाव देता! तो हसला नाही, पण पुढच्या रविवारी मला म्हणाला की तो विनोद त्याने आईला फोनवर सांगितला. चर्चमधून आलेली नावंही त्यांनी आपल्या जिभेला बसतील अशी चेपून घेतली आहेत. हेन्रिकचा हेइक्की, क्रिस्तियानचा रिस्तो. पीटरचा पेक्का झाला, आणि पेक्का तर इतके, की गल्लीत हाक मारली तर चार जण वळतील. प्रत्येक नावाला कॅलेंडरात एक दिवस असतो, त्या दिवशी कॉफी आणि केक. तुम्ही तर ते कॅलेंडर मागवून घेतलं असतंत.

फक्त एक गोष्ट तो सांगेना, स्वतःच्या मुलासाठी काय ठरवलंय ते. त्यांच्याकडे बारशाच्या दिवसापर्यंत नाव घराबाहेर फोडत नाहीत. मला तर राहवेना. मी वहीत तक्ता केला. तो कुठल्या नावावर किती वेळ बोलला, कुठलं नाव टाळलं, असं सगळं टिपून ओन्नीवर बोट ठेवलं. लेक म्हणाली, "आई, प्लीज, स्टॉप इन्टरॉगेटिंग हिम." चौकशीची ही खोड कोणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे.

एका रविवारी त्याने अस्वलाचं सांगितलं. जुन्या काळी जंगलात अस्वलाचं खरं नाव घ्यायचे नाहीत, घेतलं तर ते येतं. मग त्याला टोपणनावं द्यायची, त्यातलं एक ओत्सो, आणि आता तेच मुलांचं नाव म्हणूनही चालतं. मी म्हटलं, आमच्याकडेही तिन्हीसांजेला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. आणि हे बोलता बोलता मला जून महिना दिसायला लागला, तुमच्या शाळेचं ऑफिस दिसायला लागलं. मी आठ-नऊ वर्षांची, टीपकागद धरून तुमच्या खुर्चीशेजारी उभी आहे. पहिलीत नाव घालायला आईबाप येताहेत. तुम्ही विचारता, "नाव काय?" कोणी म्हणतं धोंडू, कोणी म्हणतं केरबा. तुम्ही वर न बघता म्हणता, "घरी काय हवं ते म्हणा, शाळेत हे चालायचं नाही," आणि जनरल रजिस्टरात दुसरंच एखादं चांगलं नाव लिहिता. अशी किती मुलं तुमच्या हातून नवी होऊन वर्गात गेली असतील. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटायचा.

आणि मग ती बाई. डोक्यावर पदर, कडेवर तान्हं, हाताशी हा पहिलीतला. तिने मुलाचं नाव सांगितलं, दगडाचं. तुम्ही दुसरं लिहायला टाक टेकवला तशी ती टेबलाला बिलगलीच. "नगा बदलू मास्तर. आधीची दोन गेली. ह्यो दगूड म्हनून ऱ्हायला. तुमी बदललं आन् काय झालं म्हंजी?" तुम्ही टाक खाली ठेवला, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि मग त्या मुलाचं नाव तिने सांगितलं तसंच लिहिलंत, अक्षर न् अक्षर वळणदार. त्या दिवशी घरी येताना तुम्ही माझ्या पुढे पुढे चालत राहिलात. आईने मला नंतर सांगितलं की तुमच्या आधीची दोन भावंडंही गेली होती, आणि तुमचं पाळण्यातलं नावही तेच. मृत्यूची नजर पडू नये, पडलीच तर त्याला वाटावं की हा नुसता दगड आहे, म्हणून ठेवलेलं. तोपर्यंत मला ते माहीतच नव्हतं. तुम्ही आयुष्यभर दोन आद्याक्षरांची सही केलीत, माझ्या वह्यांवरही तुमचं आद्याक्षरच असायचं, आणि गाव तुम्हाला सर म्हणायचं.

आता फॉर्मचं लिहिते. यासाठीच खरं तर बसले आहे, आणि मघापासून तुम्हाला फिनलंड दाखवते आहे. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म, त्यात माझ्या नावापुढे वडिलांचं पूर्ण नाव. मी वर्गात पहिली. शेजारी बसणाऱ्या मामलेदाराच्या मुलीने तिच्या वडिलांचं भारदस्त नाव लिहिलं आणि ती माझ्या फॉर्मकडे बघायला लागली. मी पहिलं अक्षर तेच ठेवून सूर्याच्या नावांतलं एक लिहिलं, दगडाचा सूर्य केला. सगळे फॉर्म मुख्याध्यापकांच्या सहीला जाणार, आणि मुख्याध्यापक तुम्ही, हे मला कळत नव्हतं असं नाही. तुम्ही सही केलीत. तीच दोन आद्याक्षरं. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी मोडता मोडता म्हणालात, "फॉर्मवरचे ते गृहस्थ कोण ग? एकदा ओळख करून दे." आईला वाटलं काहीतरी गंमत आहे, ती हसली. मी ताटातल्या पिठल्याकडे बघत राहिले. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत, ओरडला असतात, तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी मी पुण्याला हॉस्टेलवर निघाले तेव्हा तुम्ही स्टीलचा डबा दिलात, कडीचा, दोन किलोचा. भांड्यांच्या दुकानात उभं राहून त्यावर नाव घालून आणलं होतं. ठिपक्याठिपक्यांत तुमचं नाव, पूर्ण, आडनाव आणि गावासकट. म्हणालात, "हॉस्टेलवर डबे हरवतात. नाव असलं की परत येतात." मी हॉस्टेलवर तो नाव भिंतीकडे करून ठेवला. पुण्यात तसाच, इथे आल्यावरही तसाच. लेकीने तिच्या आजोबांचं नाव माझ्या पासपोर्टवर वाचलं, तिला सूर्यच माहीत. डब्यावरचं तिला वाचता येत नाही.

तर या हिवाळ्याच्या तोंडावर जावई चालता चालता म्हणाला, "बाळाला दुसरं नाव तुमच्याकडचं द्यायचंय, तुमच्या वडिलांचं. काय होतं?" त्याआधी दहाच मिनिटं तो सांगत होता की पेक्का मुळात खडक, त्याच्या आजोबांचंही तेच नाव, आणि आजोबा नावासारखेच होते. म्हणजे दार सताड उघडं होतं, बाबा. आणि मी सूर्य म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही. तो खूश झाला, म्हणाला, आमच्या उत्तरेकडे हिवाळ्यात सूर्याची किंमत विचारू नका. सुपरमार्केटच्या पावतीमागे मी त्याला ते नाव देवनागरीत लिहून दिलं, ती त्याने फोनच्या कव्हरमध्ये ठेवली. ट्रेनमध्ये मी घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, आणि स्वतःचीच लाज वाटत होती.

बाळ आलं. मुलगा. बाळंतिणीची नर्स इथे आठवडाभर घरी येते. तिने गोल टोस्टवर लोणी लावून बडीशेपेच्या निळ्या-पांढऱ्या गोळ्या पसरून दिल्या, मुलगा झाला की इथे हेच वाटतात. बाळंतिणीला बडीशेप इथेही, हे बघून आई किती हसली असती. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले होते, तुमच्याच डब्यात, कारण तेवढे मावतील असा दुसरा डबा घरात नाही. इथल्या नियमाने तीन दिवसांत नगरपालिकेत जन्म नोंदवावा लागतो. जावई हैराण. त्याच्या देशात नावाला दोन-तीन महिने मिळतात, आपल्याकडे निदान बारा दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन निघालाच होता. स्वयंपाकघरात लाडू घ्यायला आला आणि डब्यासमोर थांबला. बोटाने ठिपक्यांवरून गेला. मग फोनमागची पावती काढून डब्याशेजारी धरली. म्हणाला, "पहिलं अक्षर सारखं आहे. पुढची नाहीत. हा डबा कोणाचा?"

दुकानातून असाच आला, म्हणता आलं असतं. मैत्रिणीचा आहे, म्हणता आलं असतं. त्याने मान्यही केलं असतं. पण तो तुमच्यासारखाच, आवाज न चढवता विचारत होता. मी म्हटलं, माझ्या वडिलांचा. आणि दीड मीटरवर उभी राहून मास्कमधून सगळं सांगितलं. दोन गेलेली भावंडं, दगड, रजिस्टर, ती बाई, फॉर्म. त्याने पावतीची घडी घालून ती पुन्हा फोनमागे ठेवली. नर्स आत बाळाला अंघोळ घालत होती, पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पण ते जगले ना?"

मी म्हटलं, एकाहत्तर वर्षं.

"मग नावाने काम केलं," तो म्हणाला. "आमची सगळी नावं नुसत्या इच्छा आहेत. आशा, भाग्य. हे तर सिद्ध झालेलं आहे." आणि एक लाडू तोंडात टाकून सायकलवर बसून गेला. काय लिहून आला ते मात्र सांगितलं नाही. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, बारशाला कळेल. मी वहीतला तक्ता काढून नऊ दिवस जीव खाल्ला, लेकीचा आणि स्वतःचाही.

काल बारावा दिवस. आत्या म्हणजे जावयाची बहीण, ती फिनलंडमध्ये अडकलेली. म्हणून टॅब्लेट पाळण्यात बाळाच्या कानाशी लावला. लेकीने तिला कुर्र करायला शिकवलं होतं. तिने इतक्या जोरात केलं की बाळ दचकून रडलं. पुण्याहून तुमचे जावई पडद्यावर घुगऱ्यांचं ताट दाखवत होते. आणि मग तिने नाव वाचलं. पहिलं ओकचं बी. माझ्या तक्त्यात ते अगदी शेवटी होतं! आणि त्यापुढे तुमचं. खरं. दगडाचं. पहिल्या अक्षरावर जोर देऊन, मोठ्याने, चारचौघांत, जराही आवाज न उतरवता. ते तसं उच्चारलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, बाबा. मला रडू आलं आणि मी ते मास्कच्या आत येऊ दिलं.

डबा आज माझ्याबरोबर परत आला. रिकामा डबा परत देऊ नये हे लेकीने नवऱ्याला सांगितलेलं दिसतं, कारण त्यात त्याने भाजलेले गोड पाव आहेत, त्यांच्याकडचे, वेलदोड्याच्या वासाचे. मी डबा ओट्यावर ठेवलाय, नाव बाहेर करून. पाव संपले की हे पत्र त्यात ठेवीन, टाकायचं कुठे ते ठाऊक नाही. माझ्या पासपोर्टवर अजून सूर्यच आहे. तो बदलायचा तर कुठल्या कुठल्या कार्यालयात शपथेवर सांगावं लागेल की ते नाव कसं आलं, आणि ते इतर कोणाला सांगण्याआधी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही पाटावरून विचारलं होतंत, ओळख करून दे म्हणून. फॉर्मवरचे ते गृहस्थ कोणीच नव्हते, बाबा. मला तुमच्या नावाची लाज वाटत होती.