लुटारूंचा जावई

५ फेब्रुवारी १९७८

नळ नाही. तिसरा दिवस. मानवजातीवर याआधीही अन्याय झाले असतील, पण नवरा-बायकोत दीड बादली, असा नसेल. आणि अशा दिवशी मी वाचतोय काय, तर समुद्र! वर्ध्याच्या वाचनालयातून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलंय — कुणा निवृत्त गोऱ्या कप्तानाचं. पश्चिम किनाऱ्यावरचे लुटारू. सुलोचना म्हणाली, "त्यातून घागरभर काढून द्या मले." खारं असतं, म्हणालो. "मंग तर तुमच्याच कामाचं."

वीस वर्षं संसार केला की बायकोची जीभ नवऱ्यावर जाते.

८ फेब्रुवारी

गंमत आहे. कप्तानाच्या लेखी आंग्र्यांचं अख्खं आरमार लुटारू. का? तर आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारं गलबत ते धरत. बरं. पण पोर्तुगीज हेच त्यांच्या आधीपासून करत होते. आणि इंग्रज कंपनीही स्वतःचे परवाने देतच होती. मग लुटारू कोण? कप्तान त्या वळणावर आला की हवामानाबद्दल बोलतो. शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत. उत्तर असलंच तर तिच्या पोटात.

११ फेब्रुवारी

शेजारच्या प्रमिलाबाई कोकणातल्या. वडील रेल्वेत होते, बदली होऊन सिंदीला आले. पोरीचं लग्न इथल्याच अण्णाजी मापाऱ्याशी झालं. ताराचंदशेठच्या आडतीवर काटा अण्णाजींच्या हातात असतो.

विचारलं, "वहिनी, गुराब म्हणजे कसलं जहाज हो?"

त्या तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं आणि जमिनीवर तुरीच्या दाण्यांनी दोन डोलकाठ्यांचं, पुढे निमुळतं जहाजच काढलं. "वारा पडला ना भाऊजी, की साहेबाचं मोठं जहाज म्हणजे चिखलात बसलेली म्हैस. तोफा दोन्ही कडांना. आमची गलबतं वल्ह्यांची. मागून जायचं. मागे तोफा कमी."

"आमची?"

मग हळू आवाजात सांगितलं. त्यांचा एक पूर्वज आरमारात तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. इंग्रजांनी धरला, मुंबईच्या तुरुंगात मेला. "आजी सांगायची. कागदावर लुटारू लिहिलं त्यांनी. तो तर पगारी माणूस."

तीनशे मैलांत समुद्र नाही आणि माझ्या भिंतीपलीकडे आरमार राहतंय! रात्री जेवणात लक्ष नव्हतं.

१२ फेब्रुवारी

एका बैठकीत लेख, त्या तांडेलावर. वर्ध्याच्या साप्ताहिकात 'निवडुंग' या नावानं टोचतो तो मीच, हे संपादकाला आणि सुलोचनाला ठाऊक. ती सांगत नाही, कारण तिला लाज वाटते.

शेवट फार साधला: 'आमच्या गावचे एक मापारी म्हणजे लुटारूंचे जावई. सासुरवाडी जहाजं लुटणारी, आणि यांच्या हाती गावाचा काटा! तरी पोतं बरोबर भरतं, हा संशोधनाचा विषय आहे.' नाव घातलं नाही. सभ्य माणूस आहे मी.

१९ फेब्रुवारी

छापून आला. माझ्याच दुकानात, वह्यांच्या गठ्ठ्यावर बसून, रूपराव पाटलांनी दोनदा मोठ्यानं वाचला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसलो, कुणीतरी दुसऱ्यानं लिहिल्यासारखा.

२५ फेब्रुवारी

आडतीवर गेलो होतो. तुरीचा हंगाम, गाड्यांची रांग. रूपराव ओरडले, "अण्णाजी, सासऱ्याले इचारून काटा धरजा!" सगळे हसले. अण्णाजीही हसले.

केळझरकडचा एक शेतकरी होता. "काऊन हसून राह्यले?" त्याला सांगितलं. तो हसला नाही. आपली पोती परत गाडीत टाकली आणि दुसऱ्या आडतीकडे बैल वळवले.

३ मार्च

अण्णाजींना काट्यावरून काढलं. आता दाभण-सुतळी घेऊन पोत्यांची तोंडं शिवतात. अठरा वर्षं मापलं त्या माणसानं.

ताराचंदशेठला विचारलं. म्हणाले, "मले मालूम हाय, माणूस सोन्यासारखा हाय. पर मापाऱ्याचं कसं हाय प्रभाकरराव, एक डाव शक आला की खरा काटाबी खोटा. माल दुसरीकडं जाऊन राह्यला. मी काय करू?"

"पण ती थट्टा होती."

"छापून आलं ना पेपरात. त्या निवडुंगाले काईतरी मालूम असल, तवाच लिहिलं."

४ मार्च

कप्तान वाक्य छान लिहितो. माझ्यासारखंच. हे आधी कौतुकानं लिहिणार होतो.

७ मार्च

माझी तीन एकरांची चार पोती तूर घेऊन आडतीवर गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझं माप अण्णाजीच करतील." शेठनं मान हलवली.

अण्णाजींनी दाभण ठेवलं, हात धुतले, काट्याला हात लावून कपाळाला लावला. पहिलं पोतं — "लाभ!" मापारी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. दुसरं. तिसऱ्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ वर काढली. "प्रभाकरराव, याच्यात माती लय हाय. चाळून आणजा. असं नाई मापत मी."

भर आडतीवर. ज्यानं त्यांची बाजू घेतली त्याचंच पोतं! मला वाटलं, आता तरी पटेल लोकांना. रूपराव हसले — या वेळी मला. पण मागच्या गाडीवाल्यानं आपली पोती गुपचूप दुसऱ्या काट्याकडे नेली.

माती चाळायला मला दोन तास लागले. सुलोचना म्हणाली, "मातीनं नाई होणार. शाईनंच होईल."

९ मार्च

तिचं खरं आहे. पण खाली सही कुणाची? निवडुंगानं माफी मागितली तर ती पुन्हा थट्टाच वाटेल. आणि माझी केली तर — निवडुंगानं शेठला टोचलंय, हेडमास्तरांना टोचलंय, रूपरावांच्या म्हशीलासुद्धा सोडलं नाही. वह्या-पुस्तकं विकायची मला याच गावात.

१० मार्च

छापायच्या आधी प्रमिलाबाईंना सांगावं म्हणून गेलो. "वहिनी, तो निवडुंग..." इथपर्यंतच आलो.

"बसा. चहा टाकते."

कप पुढे ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊजी, ती गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती."

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक. तीन आठवडे भिंतीपलीकडून रोज सुलोचनाशी बोलणं, कढीची वाटी देणं-घेणं.

"अण्णाजींना?"

"नाही सांगितलं. तुम्ही दोघं रोज एका ओट्यावर बसता. मग कुठं बसतील ते?"

मी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला.

"त्या पुस्तकात त्याचं नाव आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"नुसता आकडा असतो. इतके लुटारू पकडले, इतके मेले." मग विचारलं, "नाव काय त्यांचं?"

दीड हजार शब्द लिहिले होते मी त्या माणसावर. नाव आज विचारलं.

"येसू," त्या म्हणाल्या. "येसू तांडेल."

१९ मार्च

छापून आलं. मथळा: येसू तांडेल, पगारी नोकर. अण्णाजींच्या काट्यात खोट आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं, वाक्य साधलं म्हणून मी ते लिहिलं, हेही त्यात आहे. खाली माझं नाव, आडनाव, दुकानाचा पत्ता. दिवसभर गिऱ्हाईक नाही.

२१ मार्च

आडतीवरून गेलो. काट्याशी अण्णाजी. रूपरावांची पोती. "लाभ!" म्हणाले. आमची नजर भेटली असती, पण त्यांनी ती काट्यावरून उचलली नाही. संध्याकाळी ओट्यावर मी एकटा.