फोनचे दात

१८ ऑगस्ट
जेवता जेवता पोरानं, लखननं, सांगतलं. दसऱ्यापर्यंत दुकानातला माल नाई हलला तर कंपनी फोन वापस नेईन, बोर्डही काढून नेईन. मंग तो हैदराबादले जाईन, साडूच्या गोदामात. बायकोले, पुष्पाले, अन् पोरीले, रंजिताले घेऊन.
एवढं बोलला अन् वरण मागतलं.
म्हणलं, कोणी कोठी जात नाई. मुकुटबनच्या बाजारात सारी उमर मी बैल इकले. बैलाले चारा लागते, लाथ मारते, तरी इकला. हा मुठीएवढा फोन नाई इकणार? उद्यापासून मी बसतो दुकानात.
लालीबाई म्हणे, तुमी नका बसू. बायकोले धंद्यातलं काय समजते.

१९ ऑगस्ट
बसलो. नवे फोन काचेत झोपून आहेत. लोक येतात ते काच फुटली म्हणून, बॅटरी बसली म्हणून. कव्हर घेतात, चालले. एकाले इचारलं, नवा काहून नाई घेत बावा? तो म्हणे, काका, नव्यात नवं काय हाय? लखननं त्याले समजावलं, कॅमेरा चांगला, चिप चांगली, स्पीड चांगला. तो म्हणे, माह्या बायकोचं तोंड याच्यातही तसंच येते. अन् हासत गेला.
लखन लय बोलते. बैल इकताना कोणी बैलाची चिप सांगत नाई.

२० ऑगस्ट, सकाळ
उपाय सापडला. जुना आणा, नवा न्या. जुना पाह्यचा कोणी? मी. केळापूरपासून राजूरपर्यंत लोक बैल घ्याच्या आधी मले दात पाह्याले बोलावत. उत्तमसिंगनं पास केला म्हणजे पास. आमच्या तांड्याचा नेमच आहे, जनावराबद्दल जो खोटं बोलला त्याच्या हातचं पाणी कोणी पेत नाई. एवढा भरोसा हैदराबादच्या दुकानदाराजवळ आहे काय?
पाटी रंगवली. ‘उत्तमसिंग जुना फोन पाहून देईन. फुकट.’ लखन म्हणे, बा, फुकट तरी पुसा. नाई पुसलं.

२२ ऑगस्ट, पोळा
तोरणाखाली देवसिंग भेटला. लग्नाचे फोटू काढते. म्हणलं, लखननं फोनसोबत एक नवा कॅमेराही आणून ठेवला, घेऊन टाक. तो म्हणे, काकाजी, आता नवरदेव फोटू मोबाईलवर पाह्यते, बोटाएवढा. मोठ्या कॅमेऱ्याचं काय लोणचं घालू? अन् आपला जुना कॅमेरा माह्या हातात देल्ला. म्हणे, तुमीच पाहून सांगा.
पाह्यला. वजनदार. कोपरे झिजले पण हाड मजबूत. म्हणलं, तुह्या पोराच्या लग्नापर्यंत चालते. लय खुश झाला. पाया पडला.
हे गिऱ्हाईक पक्कं झालं.

२६ ऑगस्ट
गर्दीच गर्दी. रांग शिंप्याच्या दुकानापर्यंत गेली. फोन घ्याचा, तोलाचा, पाठीवर अंगठा दाबाचा, चार्जिंगच्या तोंडात पाह्यचं. तोंडावरून सारं समजते. भुरीबाईले म्हणलं, तीन साल आरामात. ती म्हणे, मंग पोट्ट्याले सांगते, नव्यासाठी रडू नको.
दुपारी पुंडलिकराव आले. मोठे कास्तकार, नवा घ्याच्या तयारीनंच आलते, काचेवर बोट ठेवून रंगही सांगतला. मी म्हणलं, थांबा पाटील, आधी जुना दाखवा. दाखवला. कव्हर काढलं तर आत पठ्ठा जवान. म्हणलं, याले कायले काढता? ते म्हणे, बरं झालं तुमी होते. चहा पाजला मले.
लखन बाहेर जाऊन उभा राह्यला. दुकानात एवढी माणसं त्यानं पह्यल्यांदा पाह्यली, भारावला असन.

४ सप्टेंबर
सौदा उघड्यावर करू नये म्हणून आज रुमाल नेला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात, बाजूच्याले समजत नाई. नयन नावाचा कॉलेजचा पोट्टा आला. रुमाल टाकला, त्याची बोटं दाबली. तो हात ओढून पळाला. थोड्या वेळानं त्याचा बाप आला, काठी घेऊन. समजावून सांगतलं. समजलं त्याले, जुना माणूस. बसला. मंग खिशातून आपलाही फोन काढला.
पास केला.
रुमाल बंद.

१२ सप्टेंबर
कंपनीचा माणूस आला, विक्की. म्हणे, अंकल, भीड तो है, सेल किधर है? मंग लखनले सांगत बसला, शहरातही हेच चालू हाय, लोक चार-चार साल फोन बदलत नाई, वरून आमच्यावरही प्रेशर हाय. म्हणलं, मंग माल चांगला बनला म्हणाव, रडता कायले? तो लखनकडे पाहून राह्यला.
लखन म्हणे, बा, तुमी घरी जा.
गिऱ्हाईकासमोर म्हणे. मी गेलो. रस्त्यात रामराम करणाऱ्यालेही पाह्यलं नाई.
घरी पुष्पा पेटी झटकून राह्यली होती. म्हणलं, काय चाललं? ती म्हणे, झुरळं झाली मामाजी. पेटीत झुरळं नव्हती. मी पाह्यलं.

१३ सप्टेंबर
ठरवलं. खोटं बोलाचं. फोन जनावर थोडीच आहे. त्याले जीव नाई, नेम लागत नाई. लखनले सांगतलं, आजपासून पाहाय. तो म्हणे, बा, खरंच? म्हणलं, खरंच. त्यानं माह्यासाठी खुर्ची पुसली.

१४ सप्टेंबर
कोकिळाबाई आल्या, पुंडलिकरावच्या भावजय. तोंडात वाक्य तयार होतं, हा संपला बाई. त्या म्हणे, तुमी सांगान तसं भाऊजी, दुसऱ्या कोणावर माहा भरोसा नाई. लखन काचेआड उभा. मी खोकललो, पाणी पेलो.
बॅटरी बदला म्हणलं. बाकी काई झालं नाई.
बाईमाणसासमोर जमत नाई. उद्या जमन.

१५ सप्टेंबर
जमलं. राजूरच्या खाणीतला माणूस आला. अनोळखी. फोन चांगला होता, तरी म्हणलं, गेला हा. कान गरम झाले पण म्हणलं. त्याचं तोंड उतरलं. म्हणे, बरं काका, मंग नवा दाखवा. लखननं फोन काढले, काचेवर मांडले. मी मनात म्हणलं, आता रांग लागते.
तो माणूस म्हणे, काका, याच्यातला टिकाऊ कोणता, तुमीच हात लावून सांगा.
लावला. पाठ कवळी. कोपरा दबते. दुसरा घेतला, तोही तसाच. एवढं एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं निंगलंच नाई.
म्हणलं, तुह्या जुन्याची सर नाई येत एकालेही.
त्यानं जुना खिशात घातला. गेला.
लखननं फोन एक-एक करून वापस ठेवले. मंग शटर ओढलं. दिवस चांगला वर होता.

२ ऑक्टोबर, दसरा
विक्की गाडी घेऊन आला. सणाचा दिवस पाह्यला नाई. डब्बे भरले. बोर्डाचे स्क्रू लखननंच काढून देल्ले, भिंत खराब होऊ नये म्हणून. लोक सोनं द्याले आलते, ते इचारत, काका, आता फोन कोठी दाखवाचा? म्हणलं, घरी या. मी कोठी जातो?
दुकान बंद पडलं, नाव चालू आहे. नाव असलं की दुकान दिवाळीनंतरही उघडता येते.

५ ऑक्टोबर
सकाळच्या गाडीनं गेले. रंजिता पुष्पाच्या खांद्यावर झोपलेली. उठवू नको म्हणलं. लखनले म्हणलं, महिनाभरात येशीन तू, तेथलं पाणी मानवत नाई कोणाले. तो पाया पडला. म्हणे, बा, गोळी टायमावर घेत जा.
कंडक्टर घाई करून राह्यला होता. मलेही घाईच होती, वावरात जाचं होतं. वावरात काई काम नव्हतं.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
लालीबाई शेजारी सुखीबाईकडे गेली. पुष्पा हैदराबादहून सुखीबाईच्या फोनवर व्हिडिओ लावते. आपल्या घरी तसा फोन नाई, माह्याजवळ बटनाचा आहे. लखन जाताना म्हणत होता, एक मोठा ठेवून घ्या. म्हणलं, कायले.
मी ओट्यावर बसलो. मधात भिंत नाई, तुऱ्हाट्याचा कूड आहे, सारं आयकू येते. रंजितानं शाळेचा ड्रेस घातला असन, कारण लालीबाई म्हणे, फिर, फिर, पाठीकडून दाखव. सुखीबाई म्हणे, अंगानं भरली पोरगी. एका आठवड्यात काय भरन.
मंग रंजिता म्हणे, दादा कोठी हाय? मले दादा म्हणते ती.
लालीबाई म्हणे, दादा कामात हाय.
फोन काढला खिशातला. पाठ दाबली. बटनं एक-एक दाबून पाह्यली. चार्जिंगचं तोंड उजेडाकडे धरून पाह्यलं. कुडाच्या तिकडून पोरीनं आणखी एकदा इचारलं. मी फोन उलटा केला, पुन्हा पह्यल्यापासून पाह्यला.
खोट सापडली नाई.