माल त्याचाच

आई, "हात कुणी दिलं गं तुला?" असं तू बागेच्या बांधावर उभी राहून विचारलंस, त्याला आता वीस वर्षं होत आली. पलूसच्या आमच्या द्राक्षबागेचा तो पहिला माल. गाडी उभी आहे, व्यापारी घाई करतोय, आणि तू कडेगावहून पहिल्या एसटीनं येऊन म्हणतेस, पहिला घड देवाला ठेवल्याबिगार पेटी भरायची न्हाई. मी चिडले. पाणी आम्ही घातलं, छाटणी आम्ही केली, देव कुठं आला होता, असं बोलून गेले. तेव्हा तू हातांचं विचारलंस. हे हसत म्हणाले, "आवं आई, देवाला निर्यातीचा माल कशाला?" तू पेटीतला घड उचलून पदरात घेतलास. "जावईबापू, माल त्येचाच हाय. तुमी नुसता पोचवताय."

देवळात तू कधी काही मागितलं नाहीस. लहानपणी मी तापानं फणफणले होते, तेव्हा शेजारीण नवस बोल म्हणाली. "दिलीया त्येनं, ठेवायची का न्हाई त्यो बघंल," म्हणालीस आणि माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलत बसलीस. मला तेव्हा तुझा फार राग आला होता.

यंदा दिवाळीआधी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. छाटणीला लोक यांना लांबून बोलवायचे, तो हात. आता बागेत खुर्ची टाकून बसतात आणि कुठली काडी छाटायची ते गड्यांना डाव्या हातानं दाखवतात. आज पहिला घड काढायचा होता. यांनी कात्री उजव्या हातात अडकवून घेतली, देठापर्यंत नेली आणि ती मांडीवर पडली. दोनदा पडली. मग म्हणाले, "तूच काप. मला ऊन लागतंय." ऊन नव्हतं गं.

घड मी देवळात नेला. ठेवला. पण 'तुझंच आहे' एवढं म्हणता आलं नाही, कारण आता ते मला पटलंय. बाग आमची होती तोवर हातही आमचेच होते, कुणाकडं तक्रार नव्हती. आता सगळं त्याचं, तर त्यानं परत नेलं म्हणून भांडू कशाच्या जोरावर? हात जोडावेत तर मन येत नाही. नुसती उभी राहिले.

हे वहीतच राहील, म्हणून सांगते. निघताना देवापुढच्या घडातले चार मणी मी तोडून खाल्ले. लय गोड होते, आणि त्याचंच रडू आलं.

तू त्याच्याजवळ असशील तर यांच्यासाठी एकदा माग ना. सगळा हात नको. घास तोंडाशी नेण्यापुरता. तू नाही म्हणणार, ठाऊक आहे मला. तरी माग.