वीज गेली तेव्हा चालू राहिलेले घड्याळ

प्रति,
मा. कार्यवाह,
पंचगंगा बुद्धिबळ परिषद,
कोल्हापूर.

अर्जदार : सौ. जरीना बाबालाल शिकलगार, रा. गडहिंग्लज.

विषय : निवड चाचणीत संगणकाविरुद्धच्या डावात मला पराभूत ठरवल्याबाबत, व त्यानंतर आलेल्या आपल्या आदेशाबाबत.

संदर्भ : आपले दि. ९ फेब्रुवारी १९८७ चे पत्र.

महोदय,

मी घरी शिवणकाम करते. लग्नानंतर सासरे श्री. मीरासाब यांनी मला बुद्धिबळ शिकवले. पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी चार खेळाडू निवडायचे होते, त्या चाचणीत मी खेळले. हातकणंगल्याचे श्री. गुंडू ऐनवेळी तापाने आले नाहीत. जोडी जमावी म्हणून एका महाविद्यालयाने प्रदर्शनास आणलेला संगणक त्यांच्या जागी बसवण्यात आला. त्याचे गुण धरले जातील, असे कोणीही सांगितले नव्हते.

शेवटचा डाव माझा त्याच्याशी होता. माझा एक हत्ती जास्त होता. उंट उचलताना माझी बाही घोड्याला लागली. हात लागेल ती सोंगटी चालवावीच लागते, हा नियम दाखवून पंचांनी घोडाच चालवायला लावला व तो मारला गेला. नियम आहे, मी मान्य केले. पुढे यंत्राचा वजीर माझ्या प्याद्याच्या माऱ्यात आला, मी तो मारला. तेव्हा यंत्र चालवणारे प्राध्यापक म्हणाले, "थांबा, माझं बटण चुकलं. तुमची आधीची चाल यंत्रात चुकीची भरली, म्हणून त्यानं वजीर इथं आणला." पंचांनी वजीर परत पटावर ठेवला. बाही माझी, म्हणून चूक माझी. बोट प्राध्यापकांचे, तर चूक कोणाचीच नाही, हे मला समजले नाही.

त्यानंतर वीज गेली. मेणबत्ती लावून मी माझी चाल केली व घड्याळ दाबले. पंचांनी परत माझेच घड्याळ चालू केले. कारण असे दिले की, चाल यंत्रात भरल्याशिवाय पूर्ण होत नाही आणि वीज नसल्याने ती भरता येत नाही. मी म्हटले, "मग दोन्ही घड्याळं बंद करा." ते म्हणाले, "यंत्र बंद पडलंय म्हणून त्याचं थांबलंय. तुमचं डोकं काय विजेवर चालतं?" सभागृहात हशा झाला. मी केलेल्या चालीकडे पाहत बसून राहिले आणि माझी वेळ संपली. वीज आल्यावर यंत्राला डावही आठवत नव्हता. तो त्याला नव्याने भरून द्यावा लागला, आणि मग ते जिंकल्याचे जाहीर झाले.

निकालात संगणक चौथा व मी पाचवी. मला राखीव खेळाडू नेमले. चौथा खेळाडू आजारी पडल्यास राखीवला संधी, असा आपला नियम आहे. यंत्राचा आजार कोणता धरावा व दाखला कोणत्या डॉक्टरांचा चालेल, हे मी लेखी विचारले होते. उत्तर आले नाही.

आले ते संदर्भीय पत्र. प्राध्यापकांना परीक्षेचे काम असल्याने, संगणक सांगेल त्या चाली पटावर करण्यासाठी मी त्याच्यासोबत पुण्यास जावे, असा त्यात आदेश आहे. पत्र घेऊन आलेल्या आपल्या शिपायांना सासरे एवढेच म्हणाले, "पावणं, सून आमची खेळाय गेलती. मशीनची हमाली कराय न्हाय." ते कोणाला दुखवून बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत.

तरी विनंती की, वीज गेली त्या चालीपासून डाव पुन्हा खेळवावा. बाहीचा नियम मला लागू असेल, तर बटणाचा त्यालाही असावा. वीज गेल्यास दोघांची घड्याळे थांबावीत. मग मी हरले, तर निकालाखाली स्वतः सही करीन.

हे शक्य नसल्यास पुण्याला संगणकाने एकट्याने जावे. त्याच्या चाली मी करणार नाही.

न्यायाच्या अपेक्षेत,
सौ. जरीना बाबालाल शिकलगार
गडहिंग्लज, दि. १४ फेब्रुवारी १९८७

सोबत : पुण्याचे एस.टी.चे आरक्षित तिकीट, परत.