गुडघ्यावरचा हात

सोमवार, ३ नोव्हेंबर. लातूर.
आलो एकदाचे नव्या घरी! नायगावच्या आमच्या घराला जिना, आणि तिथे घरी येऊन व्यायाम करून घेणारं कोणी मिळेना. म्हणून मुलाने, बालाजीने, दवाखान्याजवळ ही तळमजल्याची खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं. तो दुकानामुळे नायगावलाच राहणार, रविवारी येणार. सून तनुजा माझ्यासोबत. आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिले, गुडघा झिजला. आता नवा बसला. फिजिओथेरपीची शिवानी म्हणाली, दुखणं, झोप, थकवा, सगळं रोज लिहीत जा बाई. म्हणून ही वही.

घरमालकीण शांतम्मा शेजारच्याच खोलीत राहतात. निलंग्याकडच्या, बोलण्यात कानडी डोकावतं. पाय पार गेलेत, बाजेवरून उतरायलाही काठी लागते. मागेपुढे कोणी नाही. मला बघून चेहरा फुलला. "या अक्का, तुमचीच वाट बघून राहिले होते." किती बरं वाटलं!

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, मग वॉकर धरून अंगणापर्यंत. तेवढ्यानेच अंगातलं त्राण जातं. शिवानी म्हणाली की शरीर आतून भरून येत असतं, थकवा येणारच; थोडं चाला, थोडं पडा, दुपारी झोपलात म्हणून मनाला लावून घेऊ नका.

जेवणानंतर शांतम्मा काठी टेकत आल्या. उशाशी बसून गुडघ्यावर हात ठेवला. उबदार हात. "निजा अक्का, मी हाय इथं." इतकी गाढ झोप वर्षानुवर्षं लागली नव्हती.

सोमवार, १० नोव्हेंबर.
जखम सुकली, दुखणंही कमी. पण झोपून उठले की झोपण्याआधीपेक्षा जास्त थकलेली असते. आज वेणी घालताना हात वर राहीनात, तनुजाने घातली. शांतम्मा रोज दुपारी येतात. आज काठी विसरून आल्या. तनुजाला कौतुक. म्हणाली, तुमच्या सोबतीने अज्जींना उभारी आली.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
रक्त तपासलं. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, या वयात वेळ लागतो, धीर धरा. धीर आहे हो, पण घास उचलताना मध्येच थांबावं लागतं. खिडकीतून शांतम्मा दिसल्या. टाचा उंचावून दोरीवर लुगडं वाळत घालत होत्या.

रविवार, १६ नोव्हेंबर.
बालाजी आला. मी म्हटलं, मला घरी ने. तो हसला, टाके काढून थोडेच दिवस झाले, एवढ्यात कुठे? मग तनुजाने दूधवाल्या संगप्पाचं बोलणं सांगितलं, सहजच, भाजी निवडता निवडता. याच खोलीत आधी मुदखेडचे एक गुरुजी होते. खुब्याचा सांधा बदललेला. ते होते तेव्हा शांतम्मा स्वतः गंजगोलाईपर्यंत बाजाराला जायच्या म्हणे. गुरुजी झोपेतच गेले. त्यानंतर शांतम्मांनी बाज धरली.
बालाजी चहा पीत होता.

गुरुवार, २० नोव्हेंबर.
आज झोपले नाही. डोळे मिटून पडले. शांतम्माने हात ठेवला आणि गुडघ्यातून काहीतरी सरकत निघालं, पाण्यासारखं. पापणी किलकिली करून पाहिलं. उन्हातून आलेलं माणूस तांब्या तोंडाला लावतं तसा तिचा चेहरा. पाय ओढून घ्यायला गेले, हलेना.

तिला कळलं. रागावली नाही. हळूच म्हणाली, "उगं जागता कशाला अक्का? तुमाला चालून काय करायचंय? उचलायला लेक हाय, सून हाय. माझं कोन हाय?"

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.
तनुजाला सगळं सांगितलं. विश्वास बसला नाही तिचा, पण माझं रडणं बघून दुपारी माझ्या दाराला आतून कडी घातली आणि मधल्या दाराने स्वयंपाकघरात गेली. कोणीतरी बाहेर उभं होतं. मग निघून गेलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर.
बरं वाटतंय! वेणी माझी मीच घातली. वॉकर धरून दारापर्यंत गेले. शांतम्मा फिरकली नाही. काल दुकानामुळे बालाजीला येता आलं नाही. तनुजा मात्र सकाळपासून पडून आहे. माझं करून करून थकली असेल पोर.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.
पोळी लाटताना तनुजाच्या हातून लाटणं पडलं. म्हणाली, आई, अंगात जीवच नाही. स्वयंपाकघरात चटई टाकून आडवी झाली. स्वयंपाकघराला मागचं दार आहे. ते माझ्या लक्षातच —

तिकडून आवाज आला, "नीज ग पोरी, मी हाय इथं."

बुधवार.
तनुजा उठत नाही. हाक मारली की पुटपुटते, डोळे उघडत नाही. फोन तिच्याजवळ. मी वॉकरने गेले. शांतम्मा तिथे बसलेली. तनुजाच्या गुडघ्यावर हात. केस काळे व्हायला लागलेत तिचे. मी हात ओढला. निघेना.
म्हटलं, तिला सोड. माझ्याकडे ये. मी जागणार नाही, कडी घालणार नाही, पाय ओढणार नाही.
तिने मान वर केली. मग म्हणाली, "सगळं देताल?"
हो म्हटलं.

खाटेवर आहे. ती आलीय. हात ठेवला —
लिहू देते. घाई नाही म्हणते.
तिकडे भांडं वाजलं. तनुजा उठली — आई म्हणून हाक — उठली —
बालाजी, रविवारची वाट बघू नको. तिला घेऊन जा. मला उचलायला थांबू नका, मी आता —
पेन जड —
तनुजा, आत येऊ नको, दार लाव बाहेरून, येऊ न