चहा पिऊन परतलेला डॉक्टर

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मुलुंडच्या त्या दोन खोल्या आठवल्या की मला आधी कपबशीचा आवाज ऐकू येतो. पहिल्या बाळंतपणाला मी तुमच्याकडे आले होते. पहाटे मुलगी झाली, सुईण बाळाला न्हाऊ घालून गेली, आणि मला लघवीच होईना. आई ओटीपोटावर कोमट पाणी ओतत होती, मोरीतला नळ मुद्दाम सोडून ठेवत होती. संध्याकाळपर्यंत ओटीपोट दगडासारखं वर आलं. मी उशीचा कोपरा दातांत धरून कण्हत होते आणि तुम्ही ऑफिसातून येऊन बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होतात.

शेजारच्या काकू कुणाला न विचारताच डॉक्टरांना घेऊन आल्या. "रबरी नळी घालून लघवी काढायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. पडद्याआडून मी ऐकते आहे. तुम्ही त्यांना बसवता, आईला चहा टाकायला सांगता. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत थांबता आणि मग म्हणता, "माझ्या मुलीला परपुरुष हात लावणार नाही. या आता."

डॉक्टर गेल्यावर आई म्हणाली, "अहो, पोर मरेल माझी."

"मरू दे. अब्रूनं तरी मरेल."

हे तुम्ही हळू नाही बोललात. मला ऐकू यावं म्हणूनच बोललात.

आईनं तुमचा शब्द कधी मोडला नव्हता. सकाळी तुम्ही ऑफिसला निघालात आणि ती अनवाणीच डॉक्टरांकडे धावली. त्यांनी येऊन नळी घातली, भांडं काठोकाठ भरलं, दुसरं घ्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "काल जर..." आणि नळी धुवायला वळले. संध्याकाळी तुम्हाला कळलं. तुम्ही ह्यांना निरोप धाडलात, "बायकोला घेऊन जा, बारसं इथे होणार नाही." आईशी तर तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत. ताट मात्र रोज तिच्याच हातचं घेत राहिलात.

ताणलेली लघवीची पिशवी पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही, अण्णा. ती भरली की नाही हे मला आजही कळत नाही, घड्याळ बघून उठावं लागतं. मुलीनं अनेकदा विचारलं, मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी पानावर बसत होते. ह्यांना लगेच सांगितलं नाही. तार मांडीखाली सारली, पोटभर जेवले, आणि भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.